टायर मोठे, क्राउन-पिनियन नवे: इंजिन किती फिरेल?

ऑफ-रोड गाडीला मोठे टायर चढवायचे ठरले की चर्चा दोनच गोष्टींभोवती फिरते: टायर चाकाच्या कमानीत बसतील का आणि लिफ्ट किट किती इंचांचे लागेल. तिसरा प्रश्न टायर बसवून झाल्यावर, पहिल्या लांब चढावर सुचतो. वरच्या गिअरला गाडी ओढत का नाही? तोवर पैसे खर्च झालेले असतात. माझे सांगणे एवढेच आहे की हा तिसरा प्रश्न सगळ्यात आधी विचारा. तुम्ही खरोखर ज्या वेगाने गाडी चालवता, त्या वेगाला वरच्या गिअरमध्ये इंजिन किती आरपीएमवर असायला हवे, तो आकडा आधी ठरवा आणि मग त्याला जुळतील असे टायर आणि क्राउन-पिनियन निवडा. हे गणित कागदावर दहा मिनिटांत होते. मोबाइलमधला साधा कॅल्क्युलेटर त्याला पुरतो.

गणिताचे मूळ असे. चाकाचा एक फेरा झाला की गाडी टायरच्या परिघाएवढी पुढे जाते. चाकाच्या त्या एका फेऱ्यासाठी प्रोपेलर शाफ्टला एक्सलच्या, म्हणजे त्यातल्या क्राउन-पिनियनच्या, रेशोइतके फेरे मारावे लागतात, आणि शाफ्टच्या एका फेऱ्यासाठी इंजिनला चालू गिअरच्या रेशोइतके. मध्ये ट्रान्स्फर केस असेल तर तिचा रेशोही गुणायचा. सगळे एकत्र मांडले की सूत्र तयार होते:

आरपीएम = ५३०५ × वेग (किमी/तास) × गिअर × ट्रान्स्फर केस × एक्सल ÷ टायरचा व्यास (मिमी)

५३०५ हा आकडा कुठून आला हे एकदा कळले की तो विसरायला होत नाही. किलोमीटरमध्ये दहा लाख मिलिमीटर असतात. त्यांना तासाच्या ६० मिनिटांनी आणि ३.१४१६ ने भागले की ५३०५ उरतात. व्यास इंचांत घ्यायचा असेल तर ५३०५ ऐवजी २०९ वापरा. अमेरिकी तक्त्यांत जो ३३६ दिसतो तो मैल आणि इंचांसाठी आहे. तो किलोमीटरच्या वेगाला लावला तर उत्तर भलतेच फुगते.

आता टायर. त्याच्या बाजूवर २५५/७५ आर१७ असे लिहिलेले असेल तर २५५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ७५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के, आणि १७ इंचांची रिम. रिमचे ४३१.८ मिमी, त्यात वरची आणि खालची बाजू मिळून ३८२.५ मिमी मिळवा. व्यास ८१४ मिमी, म्हणजे ३२ इंच. ३१५/७० आर१७ चा व्यास याच रीतीने ८७३ मिमी येतो, म्हणजे ३४.४ इंच, पण बाजारात त्याला सरसकट 'पस्तीसचा टायर' म्हणतात. ३५×१२.५० आर१७ अशा लिखाणातही ३५ हा नाममात्र आकडा असतो. प्रत्यक्षात बरेचसे टायर त्यापेक्षा अर्धा इंच तरी कमी भरतात. म्हणून दुकानदाराने सांगितलेल्या इंचांवर हिशेब करू नका. कंपनीच्या तपशीलपत्रात प्रत्यक्ष व्यास दिलेला असतो, तो घ्या.

त्याहूनही खरा आकडा जमिनीवर मिळतो. गाडीच्या वजनाखाली टायर खालून थोडा चपटा होतो, त्यामुळे मोकळ्या टायरच्या परिघापेक्षा एका फेऱ्यात कापलेले अंतर कमी असते. रेडियल टायरमध्ये हा फरक साधारण दोन ते चार टक्के धरावा. काही जण चाकाच्या मध्यापासून जमिनीपर्यंतची उंची मोजून दुप्पट करतात, पण ते उत्तर गरजेपेक्षा कमी येते. कारण रेडियलच्या आतला पोलादी पट्टा ताणला किंवा आखडला जात नाही, तो दबलेल्या भागातूनही आपली बरीचशी लांबी घेऊन फिरतो. खरा आकडा या दोन्हींच्या मधला असतो आणि तो मिळवायला खडू आणि टेप पुरे. टायरमध्ये नेहमीची हवा भरा, गाडीत नेहमीचे सामान आणि चालवणारा माणूस बसू द्या. टायर जिथे जमिनीला टेकतो तिथे टायरवर आणि फरशीवर एकाच रेषेत खडूची खूण करा. सपाट जागेवर गाडी सरळ हळूहळू पुढे घ्या, टायरवरची खूण पाच वेळा खाली येऊ द्या आणि पाचव्या वेळी पुन्हा फरशीवर खूण करा. दोन खुणांमधले अंतर १३.३० मीटर भरले तर एका फेऱ्याचे २.६६ मीटर. एकच फेरा मोजला तर खडूच्या जाडीएवढी चूकही जाणवते. पाच फेऱ्यांत ती विभागली जाते. २.६६ ला ३.१४१६ ने भागले की ८४७ मिमी, म्हणजे कागदावरच्या ८७३ चा हा चालू व्यास. नवे टायर अजून घेतलेच नसतील तर तपशीलपत्रातल्या व्यासाला ०.९७ ने गुणा. अंदाजासाठी तेवढे चालते.

टायरची झीजही लक्षात ठेवा. चिखलाच्या टायरला नवेपणी साधारण १५ मिमी खोल नक्षी असते. ती ३ मिमीपर्यंत झिजली की व्यास २४ मिमीने घटतो आणि ८७३ च्या टायरवर आरपीएम पावणेतीन टक्क्यांनी वाढतो. जुन्या टायरवर मोजून नव्यांची तुलना करायला गेलात तर हा फरक हिशेबात शिरतो.

एक्सलचा रेशो पुस्तिकेत मिळेल, पण गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हाताची असेल तर त्यावर विसंबू नका, कारण आधीच्या मालकाने क्राउन-पिनियन बदललेले असू शकते. डिफरन्शियलच्या (डिफच्या) झाकणाच्या बोल्टला कधी कधी पत्र्याची छोटी पट्टी असते आणि तिच्यावर रेशो किंवा दात्यांची संख्या ठोकलेली असते. नसेल तर मोजा. मागची दोन्ही चाके उचलून गाडी भक्कम स्टँडवर ठेवा, पुढच्या चाकांना ठोकळे लावा, गिअर न्यूट्रल करा. प्रोपेलर शाफ्टवर एक खूण, चाकावर एक खूण. दोन्ही चाके एकाच दिशेने बरोबर एक फेरा फिरवा आणि शाफ्ट किती फिरला ते पाहा. चार फेरे आणि वर दहावा हिस्सा झाला तर ४.१०. एकच चाक उचलले असेल आणि डिफ साधा, म्हणजे लॉक नसलेला असेल, तर उचललेले चाक पूर्ण दोन फेरे फिरवा. दुसरे चाक स्थिर असताना क्राउनला निम्मीच गती मिळते, म्हणून दोन फेरे. झाकण उघडलेच असेल तर दाते मोजणे सगळ्यात पक्के. ४१ भागिले १० म्हणजे ४.१०, ४१ भागिले ९ म्हणजे ४.५६, ३९ भागिले ८ म्हणजे ४.८८, ४३ भागिले ८ म्हणजे ५.३८.

आता हे सगळे एका खऱ्या गाडीवर लावून पाहू. जीप रँग्लरची २००७ ते २०१८ मॉडेलची जेके ही पिढी मी निवडतो. तिच्यानंतरची रँग्लर २०२१ पासून आपल्या पुण्याजवळ रांजणगावात जुळवली जाऊ लागली. पण टायर आणि क्राउन-पिनियन बदलण्याचे प्रयोग अमेरिकेत जेकेवर इतके झाले आहेत की तिचे सगळे रेशो हाताशी असतात. तिची रुबिकॉन आवृत्ती, सहा गिअरची मॅन्युअल: सहावा गिअर ०.८४, ट्रान्स्फर केस हायमध्ये १.००, एक्सल ४.१०, टायर २५५/७५ आर१७. शंभरच्या वेगाला ५३०५ × १०० × ०.८४ × ४.१० ÷ ८१४, उत्तर सुमारे २२४० आरपीएम. टायर ३१५/७० आर१७ केले, बाकी काही बदलले नाही, तर २०९० च्या आसपास. इथे कागदावरचे व्यास घेतले आहेत. तुलना करताना दोन्हीकडे एकाच प्रकारचा व्यास घेतला म्हणजे झाले. प्रत्यक्षात दोन्ही आकडे तीनेक टक्क्यांनी वर असतील.

दीडशे आरपीएमने काय बिघडते, असे वाटेल. म्हणून दुसऱ्या बाजूनेही पाहा. ४.१० ला ८१४ ने गुणून ८७३ ने भागले की ३.८२ येतात. मोठे टायर बसवताच तुमचा ४.१० चा एक्सल कारखान्यातल्या टायरवरच्या ३.८२ च्या एक्सलसारखा वागू लागतो. प्रत्येक गिअरमध्ये, पहिल्यापासून सहाव्यापर्यंत, चाकाशी पोहोचणारा जोर पावणेसात टक्क्यांनी कमी झाला. त्यात नवा टायर जड, त्याचे वजन परिघाकडे, नक्षी खरबरीत आणि गाडी उंच झाल्याने वाऱ्याचा अडसर जास्त. इंजिनकडे मागणी वाढली आणि जोर घटला.

मूळ स्थितीवर यायला किती रेशो हवा? उलटे गुणा: ४.१० × ८७३ ÷ ८१४ = ४.४०. असे क्राउन-पिनियन सहसा मिळत नाही, पुढचे ४.५६, त्यापुढचे ४.८८. ४.५६ ने शंभरला २३३० आरपीएम आणि ४.८८ ने २४९०. माझे मत असे की बरोबर मूळ आकड्यावर थांबू नये, त्याच्या एक पायरी वर जावे, कारण वर सांगितलेला जडपणा आणि वारा या सूत्रात कुठेच येत नाहीत. पस्तीसच्या टायरवर सहा गिअरची ही गाडी रोज हायवेला धावणार असेल तर ४.५६, आणि घाट, सामान, ट्रेलर असा वापर असेल तर ४.८८.

इथे एक गोष्ट फार जणांना चकवते. टायर बदलल्यावर गाडीवाले स्पीडोमीटरचा काटा शंभरवर आणतात, टॅकोमीटर पाहतात आणि म्हणतात की आरपीएम काहीच बदलले नाही. त्यांना दिसते ते बरोबर, निष्कर्ष मात्र चुकतो. चाकाचे फेरे मोजूनच स्पीडोमीटर वेग दाखवतो आणि एकच गिअर, एकच एक्सल असताना चाकाचे फेरे आणि इंजिनचे फेरे एकमेकांना बांधलेले असतात. म्हणून काटा शंभर दाखवेल तेव्हा टॅको पूर्वीसारखाच २२४० दाखवणार. बदलला आहे तो खरा वेग: काटा शंभरवर असताना गाडी १०७ ने पळते आहे. खऱ्या शंभरला इंजिन २०९० वरच आहे. म्हणून तपासणीसाठी वेग नेहमी जीपीएसवरचा घ्यावा. आणि पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर सपाट भागात मोटारींना शंभरची मर्यादा आहे. दुरुस्त न केलेला काटा तुम्हाला नकळत तिच्यापलीकडे नेतो.

जेकेमध्ये वेग चाकांवरच्या एबीएस सेन्सरवरून मोजला जातो, त्यामुळे टायरचा आकार गाडीच्या संगणकात भरावाच लागतो, आणि क्राउन-पिनियन बदलले तर गिअर बदलण्याची वेळ जुळावी म्हणून एक्सलचा रेशोही. जुन्या जीपमध्ये मात्र स्पीडोमीटरची केबल ट्रान्स्फर केसमधून निघते. तिथे टायर बदलला तरी चूक पडते, एक्सल बदलला तरी पडते. दोन्ही बदल विरुद्ध दिशेचे असतील तर चुका एकमेकींना बरेचदा मिटवतात.

'शेजारच्याने ४.८८ बसवले, मीही तेच बसवतो' हा सगळ्यात महाग पडणारा सल्ला आहे. २०११ पर्यंतच्या जेकेमध्ये ३.८ लिटरचे इंजिन आणि चार गिअरचा ऑटोमॅटिक असे, त्याचा चौथा गिअर ०.६९. काही गाड्या कारखान्यातून ३.२१ च्या एक्सलने निघाल्या, टायर २२५/७५ आर१६, व्यास ७४४ मिमी. त्यांचे शंभरला १५८० आरपीएम होतात, तेही आधीच कमी आहेत. अशा गाडीला पस्तीसचे टायर लावले की १३५० च्या खाली येते. या इंजिनाचा सर्वाधिक टॉर्क ४००० आरपीएमला मिळतो. साडेतेराशेवर त्याच्याकडे चढ चढायला काही शिल्लकच नसते. मग ऑटोमॅटिक चौथा गिअर सोडून तिसऱ्यात येतो. तो १.०० चा असल्याने आरपीएम १९५० होतात. रस्ता थोडा सपाट झाला की पुन्हा चौथा, पुन्हा तिसरा. या खेळात टॉर्क कन्व्हर्टर लॉक सुटून घसरत राहतो आणि गिअरबॉक्सचे ऑइल तापते. इंजिन हळू फिरते म्हणून पेट्रोल वाचेल अशी आशा असते. पण पाय खोल दाबून ठेवावा लागतो आणि सरासरी उलट घसरते.

याच गाडीला ४.८८ बसवले तर शंभरला २०५० आरपीएम होतात आणि ५.१३ बसवले तर २१५०. म्हणजे या चार गिअरच्या गाडीसाठी ५.१३ अजिबात टोकाचे नाही. तेच ५.१३ सहा गिअरच्या मॅन्युअलमध्ये घातले तर शंभरला २६२० आणि अमेरिकी महामार्गाच्या १२० च्या वेगाला ३१४० होतात. टायर तोच, एक्सल तोच, पण एका गाडीला नेमका बसणारा रेशो दुसरीला दिवसभर आवाज करायला लावतो. म्हणून दुसऱ्याकडून रेशो विचारू नका. त्याचा वरचा गिअर, त्याचा टायर आणि त्याचा नेहमीचा वेग विचारा, आणि आरपीएम स्वतः काढा.

ऑटोमॅटिकच्या बाबतीत सूत्राचे उत्तर हे कन्व्हर्टर लॉक असतानाचे असते. लॉक सुटलेला असेल तर इंजिन त्याहून शे-दोनशेने, चढावर आणखी जास्त फिरते. आणि गिअर जितके जास्त तितकी रेशोची चूक पचते. आठ गिअरच्या नव्या रँग्लरमध्ये आठवा ०.६७ आणि सातवा ०.८४ आहे. मोठ्या टायरवर आठवा जड झाला तर ती सातव्यात सुखाने चालते, चार गिअरच्या गाडीसारखी धडपडत नाही.

उंचीचा विचार तर नक्की करा. टर्बो नसलेले इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावते. कोलोरॅडोतला आय-७० हा महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यापाशी ११ हजार फुटांवर पोहोचतो, तिथे पेट्रोल इंजिनाची जवळपास एक तृतीयांश ताकद गेलेली असते. म्हणून त्या भागातले लोक सपाटीवरच्या लोकांपेक्षा एक पायरी वरचा रेशो घेतात. पुण्याहून दरवर्षी लडाखला जाणाऱ्यांना हाच हिशेब लागू आहे. टर्बो डिझेलला उंचीचा फटका कमी बसतो, पण टर्बो जागा होण्याच्या खाली आरपीएम गेले तर तेही इंजिन गप्पच राहते.

ट्रान्स्फर केस हायमध्ये १.०० असते असे बहुतेक तक्ते गृहीत धरतात. सुझुकीच्या जुन्या गाड्यांत तसे नाही. अमेरिकेत विकल्या गेलेल्या सामुराईची ट्रान्स्फर केस हायमध्येच १.४०९ आहे. पाचवा ०.७९५, एक्सल ३.७३, टायर २०५/७० आर१५ म्हणजे ६६८ मिमी. १.४०९ विसरलात तर शंभरला २३५० येते आणि गाडी अगदी निवांत वाटते. खरे उत्तर ३३२० आहे. आपल्याकडची जिप्सी याच कुळातली. ताडोबाच्या सफारीत धावणाऱ्या जिप्सीला मोठे टायर लावायचा विचार कोणी करत असेल तर त्याने तिच्या पुस्तिकेतून ट्रान्स्फर केसचे दोन्ही रेशो आधी शोधावेत आणि मगच सूत्राला हात घालावा.

आपल्या भागात याच्या नेमकी उलटी अडचण जुन्या जीप सांभाळणाऱ्यांची असते, आणि ती मला जास्त जवळची वाटते. विलीजची सीजे-३बी, जिचा वंश महिंद्राने आपल्याकडे अनेक दशके चालवला, तिचा एक्सल ५.३८, वरचा गिअर १.०० आणि टायर ६.००-१६, म्हणजे साधारण २८.५ इंच, ७२४ मिमी. ऐंशीच्या वेगाला ३१५० आरपीएम होतात. मूळ पेट्रोल इंजिनाची पूर्ण ताकदच ४००० ला येते. ही गाडी शेतातून, पाणंदीतून जाण्यासाठी बनली होती, नाशिक हायवेसाठी नाही. त्यात डिझेल इंजिन बसवले की ऐंशीलाच कानठळ्या बसतात. अशा गाडीत मोठे टायर हा उपाय ठरतो. ३१×१०.५० आर१५ घेतला, व्यास ७८७ मिमी, तर ऐंशीला २९००. सोबत क्राउन-पिनियन ४.८८ केले तर २६३०. म्हणजे इथे टायर मोठा आणि रेशो लहान अशी दोन्ही पावले एकाच दिशेने पडतात. पण प्रत्येक पावलाबरोबर पहिल्या गिअरचा जोर घटतो, हे डिझेलच्या मिळालेल्या टॉर्कशी ताडून पाहा. जुन्या एक्सलचे ब्रेक मोठ्या टायरला पुरतील का, हेही.

रस्ता सोडल्यावरचा हिशेबही त्याच सूत्राने होतो, फक्त उलटा: वेग = आरपीएम × व्यास ÷ (५३०५ × सगळ्या रेशोंचा गुणाकार). रुबिकॉनची लो रेंज ४.०० आणि पहिला गिअर ४.४६, एक्सल ४.१० धरून गुणाकार ७३ येतो. ७५० आरपीएमच्या आयडलवर मूळ टायरने ताशी १.५७ किमी, पस्तीसच्या टायरने १.६९. दगडांवरून उतरताना हा फरक पायाला लगेच जाणवतो, ब्रेक जास्त लावावा लागतो. ४.८८ केले की गुणाकार ८७ आणि वेग १.४२. ज्यांना दगडांवरून सावकाश उतरायचे आहे त्यांच्यासाठी क्राउन-पिनियन बदलण्याचे हेच खरे कारण, हायवे नंतरचा.

रेशो वाढवण्याची किंमतही मोजा. प्रोपेलर शाफ्टचा वेग वाढतो: मूळ गाडीत शंभरला २६७०, पस्तीसच्या टायरवर ४.८८ ने २९७० फेरे. लिफ्टमुळे शाफ्टचा कोन आधीच तिरपा झालेला असतो, त्यामुळे काम झाल्यावर अचानक थरथर सुरू झाली तर आधी तिकडे पाहा. रेशो वाढला की पिनियनचे दाते कमी होतात, पिनियन लहान होते, ताकद घटते. लहान पुढच्या एक्सलला ५.१३ घालून मोठे टायर खडकावर पिळणे धोक्याचे असते. फोर बाय फोर गाडीत पुढचा आणि मागचा एक्सल एकत्रच बदलावा लागतो. एकच बदलून गाडी फोर व्हीलमध्ये टाकली तर ट्रान्स्फर केस जखडते आणि काहीतरी तुटते. ४.०९ आणि ४.१० इतका किरकोळ फरक मात्र चालतो. काही डिफमध्ये ठराविक रेशोनंतर कॅरियरही बदलावा लागतो. जुन्या डाना ४४ एक्सलमध्ये ३.७३ पर्यंतचा कॅरियर वेगळा आणि ३.९२ पासूनचा वेगळा. हा खर्च अंदाजपत्रकात आधीच विचारून घ्या.

भारतात कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने नोंदवलेल्या मूळ तपशिलांशी न जुळणारे बदल करता येत नाहीत आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम काटेकोरपणे लावले. आधी आरटीओ आणि विमा कंपनीशी बोला, मग टायर मागवा.

काम झाल्यावर तपासणी करा, मिस्त्रीच्या शब्दावर सोडू नका. सपाट, मोकळा रस्ता निवडा. शेजारी एकाला जीपीएस धरून बसवा. वरच्या गिअरमध्ये जीपीएसवर ऐंशीचा वेग स्थिर ठेवा. टॅकोचा काटा शंभराने इकडे-तिकडे असू शकतो, म्हणून ओबीडी पोर्टला लावायचे छोटे रीडर असेल तर त्यावरचा आकडा घ्या. आपल्या उदाहरणात एका फेऱ्याचे २.६६ मीटर, सहावा गिअर आणि ४.८८ धरले तर २०५५ च्या आसपास यायला हवे. १९२० आले तर डिफमध्ये ४.५६ बसले आहे. खोक्यावर काहीही लिहिलेले असो, हा आकडा खोटे बोलत नाही. झाकण उघडायला लावा आणि दाते मोजा.

आकडा बरोबर आला तरी नव्या दात्यांना लगेच राबवू नका. पहिल्या वीस-तीस किलोमीटरला हलक्या पायाने चालवा आणि डिफ पूर्ण गार होऊ द्या. असे दोन-तीन वेळा करा. पहिले काही शे किलोमीटर ट्रेलर नाही, लांब चढ नाही, वेग बदलता ठेवा. ८०० किलोमीटरला दोन्ही डिफचे ऑइल काढा. चुंबकावर करडी मऊ पेस्ट असेल तर ते दाते एकमेकांत बसल्याचे लक्षण आहे. नखात सापडेल असा कीस किंवा तुकडा निघाला, किंवा पाय सोडल्यावर डिफमधून शीळ ऐकू आली, तर गाडी पुढे चालवू नका. बॅकलॅश आणि दात्यांवरचा रंगाचा ठसा पुन्हा तपासून घ्या.